दोरा संपला म्हणे

शुक्रवार, ता. २
पुलाचा कॅम्प

प्रिय पडदेवालीस,

स. न. वि. वि. बायकोला 'विनंती विशेष' लिहिणारा नवरा तुला दुसरा सापडायचा नाही, पण पत्र असंच सुरू करायचं हे ताईने लहानपणी कान पिळून शिकवलंय. तर विनंती विशेष अशी, की कारखान्याच्या माळ्यावरून उतरताना सावकाश उतरत जा. तो जिना मला पहिल्यापासून आवडत नाही.

तुझं पत्र आणि दोरा मिळाला. खरं सांगतो, पत्र नंतर वाचलं, आधी दोरा उलगडला. पोटाभोवती टेप धरून तेवढाच दोरा कापून पाठवायची कल्पना तुला सुचली तेव्हा मी हसलो होतो. आता पाकीट हातात पडलं की आत दोऱ्याची गुंडी आहे ना, हे आधी चाचपतो. मी एका ब्लँकेटची वळकटी केली आहे. नवा दोरा आला की तो तिच्याभोवती बांधतो आणि दोऱ्याच्या मापाने वळकटी जाड करतो. या वेळी आत एक टॉवेल कोंबावा लागला. झोपताना ती कुशीत असते. माझा जोडीदार मौनी हे सगळं बघतो आणि काही बोलत नाही. तो कशावरच बोलत नाही, म्हणून तर त्याचं नाव मौनी पडलं.

पुलाचा शेवटचा गाळा, म्हणजे शेवटच्या दोन खांबांमधला भाग, रंगवायचा राहिलाय आणि वारा सुटायच्या आत तो संपवायचा आहे. आमच्यात जोडी फोडत नाहीत. एक जण दोराला लोंबकळून रंगवतो, दुसरा वरून त्याचा दोर सांभाळतो. मी घरी आलो तर मौनीही खाली बसणार आणि गाळा तसाच राहणार. तो संपला की सुटी. तोवर आपल्या भाडेकरूने जागा सोडायची घाई करू नये, एवढं त्याला माझ्या वतीने सांग.

परवा मौनी शिडीवरून घसरला. लागलं नाही. पडल्या जागी पडून राहिला आणि त्याने आमची ती हजेरी घेतली, जी मी तुलाही शिकवली आहे. पडल्यावर ताडकन उठायचं नाही. डोकं, मान, खांदे, हात, कंबर, पाय, एकेकाला हाक मारायची आणि जो 'हजर' म्हणणार नाही त्याला हलवायचं नाही. एरवी तोंड न उघडणारा मौनी हजेरी मात्र खणखणीत आवाजात घेतो. आमचा दुसरा नियमही तुला ठाऊक आहे, डोक्यात घर घोळत असेल त्याने वर चढायचं नाही. मुकादम रोज सकाळी विचारतो आणि मी डोकं रिकामं आहे म्हणून सांगतो. ते निम्मं खोटं असतं.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. ऑफिसातला फोन साहेबांच्या टेबलावर आहे, आणि साहेबांसमोर माझ्या तोंडून 'हं' शिवाय काही निघत नाही. इथे संध्याकाळ फार मोठी असते. तुझी फार आठवण येते.

लोभ आहेच. तो दोऱ्यासारखा दर पत्राला वाढावा.

तुझा,
रंगोबा

*

बुधवार, ता. ७

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. पत्र बसून वाचा. आधीच सांगते, मी आणि पोटातला भाडेकरू, दोघंही ठीक आहोत. तुम्ही बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर म्हणून एवढी वर्षं काढलीत, तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

सोमवारी मी कारखान्यात पडले. एका नाट्यगृहाचा मखमली पडदा चालू आहे. त्याची घडी दोन्ही हातांत घेऊन माळ्यावरून उतरत होते. घडीमुळे पाय दिसत नव्हते. तसे ते हल्ली घडीशिवायही दिसत नाहीत. जिना संपला असं वाटलं आणि एक पायरी शिल्लक होती. घोटा मुरगळला आणि मी कुशीवर आडवी झाले. मखमल अंगाखाली आली म्हणून थोडक्यात निभावलं.

आता माझं शहाणपण ऐका. तुमच्या भावाने शिकवलंय ना, म्हणून मी पडल्या पडल्या डोळे मिटून हजेरी घेऊ लागले, तीही मोठ्याने. सगळ्या धावत आल्या, तर मी डोकं हजर, मान हजर करत पडलेली. मला भ्रम झाला असं वाटून एकीने बाटलीभर पाणी ओतलं, ते निम्मं मखमलीवर सांडलं. मालकीणबाईंना कळेना, आधी माझ्यासाठी ओरडावं की पडद्यासाठी. घोटा सोडून सगळे हजर निघाले. मी उठले, घोट्याला पट्टी गुंडाळली आणि दिवसभर पडद्याची खालची कड शिवत बसले. दवाखान्यात जा म्हणणाऱ्यांना वर ऐटीत सांगत होते, की आमच्या घरी याची पद्धत ठरलेली आहे.

संध्याकाळी घरी आले. दोरा पाठवायचा दिवस होता. पोटाभोवती टेप धरला, दोरा कापला आणि कात्री हातात तशीच राहिली. ताई, मी सगळ्यांची हजेरी घेतली होती, त्याची घेतलीच नव्हती. त्या यादीत पोटाचं नावच नाही. पुलावरच्या पुरुषांच्या पोटात जेवणाशिवाय असणार तरी काय! पण मी कशी विसरले? दुपारपासून तो हलला होता का, हे आठवू लागले आणि आठवेना. डाव्या कुशीवर पडून वाट पाहिली. एरवी त्या वेळेला भिंतींना लाथा घालत असतो. त्या दिवशी काहीच नाही.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त गेलं का, पाणी गेलं का, पोट मधूनमधून कडक होतंय का. यातलं काहीच नव्हतं. मग त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं आणि धडधड ऐकू आली. मी एवढी मोठ्याने रडले, की मास्तरीणबाई बाहेरून धावत आत आल्या. सकाळपर्यंत मला यंत्राला जोडून ठेवलं होतं. माझा रक्तगट निगेटिव्ह, म्हणून एक इंजेक्शनही दिलं. घोटा मोडलेला नाही, नुसता मुरगळलाय. सकाळी भाडेकरूने यंत्रालाच लाथ मारली तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुमच्या भावाला यातलं काही कळवू नका. डोक्यात घर घेऊन तो दोराला लोंबकळला तर काय होईल, याचा विचारसुद्धा मला करवत नाही. गाळा संपला की मीच सांगेन. पण ताई, त्या संध्याकाळी मला तो इथे हवा होता. नुसता शेजारी बसलेला चालला असता.

आशीर्वादाचा हात डोक्यावर आहेच, तो काढू नका.

तुमची,
वहिनी

*

बुधवार, ता. ७

प्रिय रंगोबा,

स. न. वि. वि. इकडे सगळं छान आहे. मखमलीचा पडदा शिवून होत आला. भाडेकरू मजेत आहे. मालकीणबाईंनी मला आठवडाभर सुटी दिली आहे, हल्ली त्या फार प्रेमळ झाल्यात.

या वेळी दोरा पाठवत नाही, कारण दोरा संपला. पुढच्या वेळी नक्की. तू दोर नीट बांध आणि डोकं रिकामं ठेव.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
पडदेवाली

*

रविवार, ता. ११

चि. सौ. वहिनीबाईस,

अ. उ. आ. तुझं पत्र वॉर्डात उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. आधी रागावून घेते. पडल्यावर दिवसभर शिवत बसलीस? पोटुशी बाई पडली की दुखो वा न दुखो, त्याच पावली दवाखाना गाठायचा. वरून एक ओरखडा नसला तरी आत काय झालंय ते आपल्याला दिसत नाही, आणि पोटातला हाक मारून सांगत नाही. तो फक्त हलतो किंवा हलायचा थांबतो. तेवढंच त्याचं बोलणं. ते लक्ष देऊन ऐकत जा.

राग संपला. नंतर गेलीस हे शहाण्यासारखं केलंस, आणि ते इंजेक्शन वेळेत घेतलंस हे फार बरं झालं. आता पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच. बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवायचा, नुसता कातडीवर नाही. पट्टी बोटं निळी पडतील एवढी आवळू नकोस. पडद्याला चुण्या घालायच्या नाहीत तुला. ठणका लागला तर डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी सोडून दुसरी कसलीही घेऊ नकोस, शेजारीपाजारी कितीही प्रेमाने देवोत. झोपायचं कुशीवर. आणि पोट दुखलं, कडक व्हायला लागलं, काही गेलं, किंवा त्याची वळवळ कमी वाटली, तर मला पत्र लिहीत बसायचं नाही. तडक जायचं. हल्ली तुझा तोल पुढे गेलाय आणि सांधेही सैल झालेत, तेव्हा हातात ओझं घेऊन जिना नको. कठड्याला धरायला एक हात मोकळा हवाच.

धाकट्याला कळवायचं नाही म्हणतेस. मी कळवणार नाही. पण तो मला ठाऊक आहे. लहानपणी मला ताप आला आणि मी नाही म्हटलं, तर हा माझ्या उशाशी येऊन बसायचा आणि विचारायचा, की मग तुझा आवाज बारीक का. त्याला सांगितलं नाही तर तो काळजी करणार नाही, असं समजू नकोस. तो काय झालं ते न कळता काळजी करेल, आणि ती जास्त वाईट. पुढचं तू ठरव, तुझा नवरा आहे.

माझ्या जागी दुसरी सिस्टर मिळाली की मी येतेच आहे. एवढी वर्षं दुसऱ्यांची बाळं या हातांनी घेतली. आता आपल्या घरचं एक घ्यायला हात नुसते शिवशिवताहेत.

जपून राहावं, हेच मागणं.

तुझी,
ताई

*

सोमवार, ता. १२
पुलाचा कॅम्प

प्रिय पडदेवालीस,

स. न. वि. वि. पडद्यांच्या कारखान्यात दोरा संपला म्हणे!

बायको, तुझ्या कारखान्यात मखमल संपेल, चहा संपेल, मालकीणबाईंचा आवाजसुद्धा एखाद्या दिवशी संपेल, पण दोरा संपायचा नाही. तुझ्या केसांत दोरे असतात. आपल्या अंथरुणात, माझ्या सदऱ्याच्या खिशात दोरे सापडतात. थाप मारायचीच होती तर जरा बरी मारायचीस.

मग पत्र पुन्हा पाहिलं. तुझं अक्षर नेहमी फूटपट्टीने आखल्यासारखं सरळ असतं. या पत्रात सगळ्या ओळी एका बाजूला कलल्यात. तू आडवी पडून लिहिलंयस. मालकीणबाईंनी आठवडाभर सुटी दिली, ती काय त्यांच्या मनात प्रेमाचं भरतं आलं म्हणून? आणि भाडेकरू मजेत आहे, एवढ्या तीन शब्दांत तू त्याला कधी उरकला नाहीस. एरवी त्याच्या लाथांनी पानं भरतात.

आज सकाळी मुकादमाने विचारलं आणि मी पहिल्यांदा खरं सांगितलं, की माझ्या डोक्यात घर आहे. त्याने वर जाऊ दिलं नाही. खाली रंग कालवत बसलोय. मौनी माझ्यामुळे बसलाय आणि गाळा आमच्या दोघांमुळे. कोणी काही म्हणत नाही, पण सगळ्यांना वाऱ्याची काळजी आहे. ऑफिसातून तुझ्या कारखान्यात फोन लावला होता. उचलणारीने तू घरी आहेस एवढं सांगितलं आणि गडबडीने ठेवून दिला. त्याने तर जास्तच घाबरलो.

काय असेल ते सांग. वाईट असेल तरी सांग. वळकटी कुशीत घेतली की तिच्यावरचा शेवटचा दोरा जुना झालाय, हे हाताला कळतं.

लोभ असेल तर खरं लिही.

तुझा,
रंगोबा

*

शुक्रवार, ता. १६

प्रिय रंगोबा,

स. न. वि. वि. सोमवारी, पाच तारखेला, मी माळ्याच्या जिन्यावरून पडले. आता दचकून झालं की पुढे वाच. भाडेकरू ठणठणीत आहे. मी ठीक आहे. घोटा मुरगळलाय, सुजलेल्या वांग्यासारखा दिसतो, पण मोडलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा तपासलं आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणाल्या. अक्षर कललं, कारण पाय उशीवर चढवून डाव्या कुशीवर लिहीत होते. आजही तसंच लिहितेय.

तुझी हजेरी घेतली रे. अगदी तुझ्या क्रमाने. सगळे हजर निघाले म्हणून दिवसभर काम करत बसले आणि संध्याकाळी टेप धरला तेव्हा ध्यानात आलं, की त्याला हाक मारायची राहूनच गेली. तेव्हा तो हलत नव्हता. दवाखान्यात त्याची धडधड ऐकेपर्यंत मी कशी राहिले ते मला लिहिता येत नाही. तुझ्यावर राग आला होता. यादी तुझी, आणि तीत त्याचं नाव नाही. मग स्वतःवर आला. मग कोणावरच उरला नाही, नुसता तू हवा होतास. मास्तरीणबाईंनी माझा हात धरला होता. हात ऊबदार होता, मायेचा होता, पण त्याला रंगाचा वास नव्हता.

लपवलं ते तुझ्या दोरासाठी. ताईंनी मागाहून बजावलं, की तू न सांगता ओळखशील. तोवर माझं पत्र निघून गेलं होतं.

आज पाकिटात दोन दोरे आहेत. गाठ मारलेला त्या सोमवारचा. तो तेव्हा पाठवला नाही, कारण मला तो हातात धरवत नव्हता. बिनगाठीचा आजचा. शेजारी शेजारी ठेवून बघ, आजचा मोठा आहे. भाडेकरूची हजेरी तुझी तूच घे, आणि मग वाटलं तर वर चढ.

लोभ खरा आहे, म्हणून खरं लिहिलं.

तुझी,
पडदेवाली

*

मंगळवार, ता. २०
पुलाचा कॅम्प

प्रिय पडदेवालीस,

स. न. वि. वि. दोन्ही दोरे टेबलावर सरळ ठेवले. आजचा मोठा निघाला. बोटभर नव्हे, पण मोठा. मग बाहेर जाऊन थोडा वेळ एकटाच उभा राहिलो.

मीही आधी रागावून घेतो. तू पडलीस आणि मला दोरा संपला म्हणून कळवतेस! पण राग धरून ठेवता येत नाही. यादी माझीच. मी तुला ती शिकवली तेव्हा तुझ्या पोटात कोणी नव्हतं आणि नंतर ती बदलायला हवी हे माझ्या टाळक्यात आलं नाही. आम्हाला इथे सगळं ठरलेल्या क्रमाने करायची सवय, क्रमात नाही ते आम्हाला दिसतच नाही.

जेवताना मी हे मौनीला सांगितलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तो जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर चढायच्या आधी आम्ही अंगावरच्या पट्ट्या तपासतो, तेव्हा तो सगळ्यांसमोर एकदम बोलला, की आजपासून कमरेच्या नंतर पोट. मुकादमाने कारण विचारलं. मौनीने माझ्याकडे बोट केलं आणि त्याचं वर्षभराचं बोलणं संपलं. आता पुलावर कोणी साधा घसरला तरी सगळे गडी मिळून 'पोट हजर' म्हणून ओरडतात. हसू नकोस. मला तर ते ऐकून दर वेळी भरून येतं.

मुकादमाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, की डोक्यात घर आहे, पण घर ठीक आहे. त्याने मला न्याहाळलं आणि जाऊ दिलं. पुन्हा वर आहे. गाळा अजून बाकी आहे आणि संध्याकाळी वारा अंगाला लागू लागलाय. तुझ्याजवळ यायची इतकी घाई मला लग्नाच्या वेळीसुद्धा नव्हती, हे मी कबूल करतो.

जिन्याला हात लावायचा नाही. लोभ आहे, आता त्यात धाकही आहे.

तुझा,
रंगोबा

*

गुरुवार, ता. २९

प्रिय रंगोबा,

स. न. वि. वि. या वेळी पाकिटात दोरा नाही. छातीवर हात ठेवू नकोस, आधी वाच.

डोकं हजर. मान हजर, शिवणकामाने जरा अवघडलेली. खांदे, हात हजर. कंबर हजर, पण तिची तक्रार मोठी आहे. पोट हजर, आणि हे लिहिताना पोटावर टेकवलेलं पान आतून दोनदा हललं. घोटा कुरकुरतो, पण चालतो. घरात हिंडते, आणि मखमलीचा पडदा तिकडे नाट्यगृहात टांगला गेलासुद्धा. पाणी पडलेली जागा मी आतल्या बाजूला घेतली, कोणाला दिसायची नाही. माळ्यावरचं सगळं मालकीणबाईंनी खाली आणून घेतलं आहे. ताईंनाही रजा मिळाली, त्या पुढच्या आठवड्यात येताहेत आणि आल्या की मला खुर्चीवरून उठू देणार नाहीत, असं आधीच कळवलंय.

इकडे वारा सुटलाय. खिडकीचे पडदे पोट फुगवून उभे राहतात आणि मी त्यांच्याकडे बघत तुझा पूल आठवते. मी तो कधी पाहिलेला नाही. तरी रोज मनात रंगवते, एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

दोरा मुद्दाम कापला नाही. तुझ्या त्या वळकटीचा मला हेवा वाटायला लागलाय. तिला रोज कुशीत घेतोस, आणि मी इथे माप घेऊन पाठवत बसू? यापुढे पाठवणार नाही. टेप खुंटीवर अडकवून ठेवलाय. मोजायचं असेल तर तू ये.

घरात सगळे हजर आहेत. एकाचंच 'हजर' अजून ऐकू आलेलं नाही.

तुझी,
पडदेवाली

*

मंगळवार, ता. ३
पुलाचा कॅम्प

प्रिय पडदेवालीस,

स. न. वि. वि. पाकीट चाचपलं, गुंडी नव्हती. तू वाच म्हणालीस म्हणून वाचलं, नाहीतर तिथेच खाली बसलो असतो.

गाळा काल संपला. शेवटचा हात मौनीने मारला आणि ब्रश खाली टाकला. वळकटी सोडली. ब्लँकेट स्टोअरमध्ये जमा केलं, टॉवेल पिशवीत टाकला, दोरे सगळे खिशात आहेत. मौनीने त्यातला एक मागितला. कशाला ते सांगितलं नाही, पण गाठ मारलेला निवडून घेतला. मी दिला.

पोस्टाची गाडी दुपारी निघते. तिच्या पिशवीत हे पत्र आणि ड्रायव्हरच्या शेजारी मी. पत्राला शहरात ठसे मारून घेत बसावं लागेल, मला कोणी ठसा मारणार नाही, तेव्हा मी आधी पोचेन. पत्र नंतर आलं की मीच फोडेन. मी वाचून दाखवेन, तुला आणि त्याला.

टेप खुंटीवरून आल्या आल्या काढेन. नखांतला रंग निघालेला नाही, तसाच येतोय.

हजर,
रंगोबा